कासऱ्याच्या मापात न बसलेला ट्रॅक्टर

मित्रांनो, पन्नास हॉर्सपॉवरचा एक जुना ट्रॅक्टर आहे मी. रंग निळा होता, आता गंज आहे. हळहळू नका, मला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं.

ब्याण्णव साली कारखान्यातून निघालो तो थेट चांदवडला आलो. तिथे कांद्याची सपाट रानं. अकरा वर्षं नांगर ओढला, ट्रॉल्या भरभरून कांदा बाजारात नेला. मालक बोनेटवर थाप मारून म्हणायचा, "वाघ आहे वाघ!" मी फुलून जायचो. मग त्याने नवा ट्रॅक्टर घेतला आणि मला कळवणच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात नेऊन उभं केलं.

तिथे एका उन्हाळ्यात मल्हारी आणि नवसाबाई आले. सुरगाण्याकडचं जोडपं. डोंगरउतारावर दगडी बांध घालून माती अडवलेली, तिचे तीन अरुंद तुकडे म्हणजे त्यांचं रान. बैल थकलेले, त्यामुळे अर्धं रान पडीक राहायचं. मग दर दिवाळीनंतर पाच वर्षांच्या सृष्टीला आजीकडे ठेवून दोघं द्राक्षबागांत मजुरीला जायची. ट्रॅक्टर आला की सगळं रान कसायचं, पोरीला सोडून जायचं नाही, एवढ्यासाठी ती आली होती.

नवसाबाईने पिशवीतून बैलाचा कासरा काढला. बांधातून रानात शिरायची वाट जेवढी रुंद, तेवढ्यावर तिने दोरीला गाठ मारून आणली होती. तिने कासरा माझ्या मागच्या चाकांना लावला. मी गाठीच्या हातभर बाहेर. शेजारी बावीस हॉर्सपॉवरचा एक लाल बुटका उभा होता. तो बरोबर मापात बसला.

"आवो, ह्यो घ्या. ह्यो वळंल आपल्या रानात."

बाजारातली माणसं हसायला लागली. मल्हारीचे कान लाल झाले. "ट्रॅक्टर काय झंपर हाय का मापं काढायला? आन् पोळ्याला हे खेळणं मिरवू व्हय?"

त्यांच्या गावात पोळ्याला बैलांसारखे ट्रॅक्टरही सजवतात आणि मोठा ट्रॅक्टर मिरवणुकीत पुढे असतो. मल्हारीने मला घेतलं. खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. बुटक्याच्या तोंडावर धूर सोडून मी निघालो.

रानाच्या वाटेत पहिल्याच दिवशी अडकलो. मल्हारीने पहार घेऊन बांध फोडला. आत गेलो तर वळायला जागा नाही, म्हणून मधले दोन बांधही काढले.

"सासूबाईंनी डोक्यावर धोंडे आणून रचलेत वो," नवसाबाई म्हणाली.

"पावसाळा सरू दे, परत रचू."

आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी रानात माती नव्हती. खालचा कातळ धुऊन निघाला होता.

पोळ्याला मी सगळ्यांच्या पुढे होतो. बोनेटवर झेंडूच्या माळा, समोर ताशा. नवसाबाईने मला ओवाळलं. ओढ्यातून घमेल्याने माती वर आणून तिची नखं फुटली होती. त्यापेक्षा तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही.

दिवाळीनंतर ट्रॉलीत गोधड्या, पातेली आणि नवसाबाई बसली, आणि मीच त्यांना द्राक्षबागांकडे नेलं. सृष्टी ट्रॉलीमागे ओढ्यापर्यंत धावत आली. "आये, मला पण ने!" मल्हारीने मागे पाहिलं नाही, नुसता गिअर टाकला.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी ट्रॅक्टर घ्यायचा झाला तर ताकद नंतर बघा. आधी आपली वाट बघा, उतार बघा, वळायला जागा किती ते बघा. आणि रानात रोज राबणारं माणूस माप घेऊन आलं तर त्याला हसू नका. एवढं करा माझ्यासाठी.

पुढच्या दिवाळीलाही आम्ही निघालो. त्या वर्षी सृष्टी धावली नाही. आजीचा पदर धरून दारातच उभी राहिली.