दोरीपुढे प्राध्यापक

विद्यापीठात माझं काम एकच. कोण कसं शिकतं, ते ज्याचं त्याला दाखवून द्यायचं. विद्यार्थी येतात, शिक्षकही येतात, पण जरा नाक मुरडत. त्यात पहिला नंबर आमच्या भावजींचा. नवऱ्याचे धाकटे भाऊ, इथेच पूल बांधायचं शास्त्र शिकवतात.

"वहिनी, पुरे झाले तुमचे लाड," एकदा ते म्हणाले. "तुमच्याकडे येते ती माझ्या वर्गातली पोरगी तोंडी परीक्षेत दोनदा गप्प बसली. सोमवारी पुन्हा गप्प बसली की कायमची घरी. ढ आहे, दुसरं काय!"

"मग उद्या दोघंही या माझ्याकडे," मी म्हटलं. "बघूच ढ कोण ते."

प्रश्नावली मी देत नाही. माणसं त्यात स्वतःबद्दल वाट्टेल ते ठोकून देतात. मी दोरी देते. एक अवघड गाठ शिकायची. टेबलावर लेखी कृती असते, चित्रं असतात, ऐकायला रेकॉर्डिंग असतं आणि एक बांधलेली गाठ असते. ज्याला जिथून शिकायचं तिथून शिकावं.

भावजींनी ऐटीत लेखी कृती उचलली. पोरीने बांधलेली गाठ घेतली, सावकाश सोडवली, पुन्हा घातली. तोवर भावजींच्या हातात नुसता गुंता! कागद परत वाचला, मोठ्याने वाचला, घाम पुसला. मला हसू आवरेना, आणि आवरायची इच्छाही नव्हती.

शेवटी तेच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. तिने चकार शब्द काढला नाही. दोरी त्यांच्या बोटांत दिली आणि एकेक पदर ओढायला लावला. गाठ बसली.

"अरेच्चा! हातात घेतल्याशिवाय मलाही कळत नाही की!"

"मग वर्गात काय करता वर्षभर?"

"बोलतो," ते पडेल आवाजात म्हणाले.

सोमवारी त्यांनी तिच्यापुढे काड्या आणि रबरबँड ठेवले. "पूल बांध, आणि आधी कुठे मोडेल ते सांग." मी दारातून बघत होते. तिने पूल बांधला, एका सांध्यावर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. ताण कुठे, दाब कुठे, सगळं धडाधड. परीक्षक ऐकतच राहिले.

दुपारी भावजी माझ्या खोलीत आले.

"झाली ना पास? मग तोंड का पाडलंय?"

"वहिनी, गेल्या वर्षी अशीच गप्प बसणारी दोन पोरं मी काढून टाकली."

मला भयंकर राग आला, आणि त्यांची कीवही आली. मी फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"बोलवा त्यांना."

"काय सांगू?"

"चुकलो म्हणा. तेवढं तोंडाने जमेल तुम्हाला."