हुदहुदाचा खोकला

जंगलाच्या फाटकापासून माहिती केंद्रापर्यंत एक किलोमीटर चालावं लागतं. जनावरांना त्रास होतो म्हणून गाड्या आत सोडत नाहीत. आमच्या गुडघ्यांची चौकशी कुणी केली नव्हती. मी आणि माझी धाकटी नणंद तीनदा बसून, चौथ्यांदा बसायला जागा नाही म्हणून, एकदाच्या पोचलो.

"वहिनी, दादाच्या आवाजापायी माझा जीव जाणार," ती म्हणाली.

"जाऊ दे, पण आत गेल्यावर."

आमचे हे त्या जंगलात बावीस वर्षं राखणदार होते. गेल्या साली गेले. केंद्रात एका भिंतीवर पक्ष्यांची चित्रं आहेत. चित्राखालचं बटण दाबलं की त्या पक्ष्याचा आवाज येतो. पंधरा वर्षांपूर्वी एक माणूस यंत्र घेऊन हे आवाज भरायला आला होता. बाकीचे पक्षी बोलले, हुदहुद काही तोंड उघडेना. चार दिवस गेले. पाचव्या सकाळी यांना त्या माणसाची कीव आली. झुडपामागे बसून यांनीच "हुप, हुप, हुप" केलं. आधी जरा खोकले, तेही यंत्रात गेलं. माणूस खूश होऊन गावी गेला. यांनी आम्हा दोघींकडून शब्द घेतला होता, की हे बाहेर पडलं तर नोकरी जाईल आणि हसंही होईल.

सोमवारी ती भिंत पाडून नवीन बसवणार, असं कानावर आलं. यांचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नव्हता.

मी बटण दाबलं. खोकला, मग हुप, हुप, हुप. परत दाबलं. चौथ्या वेळी केंद्र सांभाळणारी मुलगी आली. हा पक्षी आधी घसा साफ करतो, शाळेच्या पोरांना फार गंमत वाटते, म्हणाली. धाकटीने तोंडावर हात धरला.

हा आवाज आम्हाला देता का, असं मी विचारलं. ते नियमात बसत नव्हतं. शिवाय नव्या भिंतीवर याहून चांगला हुदहुद येणार होता. शब्द पाळावा तर आवाज जातो.

"बाई, हा पक्षी माझा नवरा आहे," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"खरंच," धाकटी म्हणाली. "घरीही असाच खोकायचा."

मुलगी हसली नाही. तिने स्वतः बटण दाबून शेवटपर्यंत ऐकलं. मग दार लोटून घेतलं, धाकटीचा फोन मागितला आणि भिंतीतल्या आवाज येणाऱ्या जाळीला लावून परत बटण दाबलं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

म्हटलं, आम्हाला सवय आहे.

परतताना पहिल्याच बाकावर दोघी बसलो. पुढे अजून सगळा रस्ता होता. धाकटीने फोन काढला.

"लावू का?"

"नको," मी म्हटलं. "सकाळपासून सहा वेळा बोललेत. दमले असतील."

तिने फोन पिशवीत ठेवला.