एका पाण्यात धुतलेल्या काकड्या

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. जर्मनची. अॅल्युमिनियमला आमच्या गावात जर्मनच म्हणतात. माझा काठ एका बाजूनं चेपला आहे आणि राखेनं घासून घासून तळ पातळ झाला आहे. आता जे सांगणार आहे ते सांगताना मध्येच थांबले, तर सांभाळून घ्या.

जाफराबादच्या आठवडी बाजारात कारभारी नावाच्या शेतकऱ्यानं मला उचललं, दोन बोटांनी वाजवून पाहिलं आणि आपल्या नव्या संसारात नेलं. त्यांची बायको सगुणाबाई. मोठी नेमाची बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायची नाही. सोमवार, एकादशी कधी चुकली नाही. कुणाशी आवाज चढवून बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "हिच्यात निस्ती भाजी धुवायची. दुसरं काही न्हाई."

तीस वर्षं मी तेवढंच केलं. मेथीच्या जुड्या, पालक, मातीनं माखलेली गाजरं माझ्या पोटात आली आणि स्वच्छ होऊन गेली. पंगतीत बायका म्हणायच्या, "सगुणाबाईच्या भाजीत दाताखाली खडा घावला तर दाखवा!" शेजारच्या द्वारकाबाईची जीभ जरा तिखट. ती कुंपणापलीकडून ओरडायची, "सगुणाबाई, भाजी धुऊन राह्यली का भाजीला आंघोळ घालून राह्यली?" सगुणाबाई नुसती हसायची. मलाही मोठा अभिमान वाटायचा.

पण आमच्याकडे पाण्याची ओढ. उन्हाळ्यात चार-चार दिवस टँकर येत नसे. म्हणून सगुणाबाईनं एक रीत पाडली होती. पाणी फडक्यानं गाळून माझ्यात घ्यायचं आणि त्या एकाच पाण्यात सगळं धुवायचं. आधी मुळांसकटची मेथी, मग कोथिंबीर, शेवटी फळं. माती तळाशी बसली की वरचं पाणी निवळ दिसायचं. उरलेलं पाणी लिंबाच्या झाडाला. गावातल्या बायका सुनांना सांगायच्या, पाणी कसं वापरावं ते सगुणाबाईकडून शिका. मित्रांनो, यात पाप कुठं होतं? मला तर ते पुण्यच वाटायचं.

सगुणाबाईची एकुलती एक लेक वंदना. लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. सगुणाबाईनं देवापुढं हात जोडले आणि सांगितलं, "लेकीच्या लेकराचं बारसं होईपर्यंत मी मीठ खाणार न्हाई." त्या दिवसापासून ती अळणी जेवू लागली. आणि खरंच, दोन वर्षांपूर्वी वंदनाला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. घराला जणू पालवी फुटली.

वंदनाला डोहाळे लागले काकडीचे. सकाळी काकडी, दुपारी काकडी.

"माय, अजून एक दे ना गं."

"आगं, जेवायला जागा ठिव जराशी."

"मला न्हाई लागत, तुझ्या नातवाला लागती. ह्यो काकडीचा यल हातात धरूनच येतो बघ!"

कारभारी ओसरीवरून म्हणायचे, "येऊ दे, मंग मी मांडव घालतो!" आणि तिघं हसायची.

तो सोमवार मला विसरता येत नाही. टँकर आला नव्हता. रांजणात पाणी तळाला गेलं होतं. सगुणाबाईनं दोन तांबे पाणी माझ्यात घेतलं. ताज्या शेणखतातून उपटलेली मेथी आधी बुडवली, मग कोथिंबीर. शेवटी सहा काकड्या. "काकडीला काय, वरून साफच असती," असं पुटपुटत तिनं त्या नुसत्या बुडवून काढल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तशाच ठेवल्या. सकाळी स्वतःच्या हातानं फोडी करून लेकीला दिल्या.

कारभारींनी दोन फोडी खाल्ल्या. त्यांचं पोट एक दिवस बिघडलं आणि बरं झालं. वंदनाला मात्र जुलाब लागले, मागून ताप चढला. तापात ती थरथरत होती. जीप आली. जालन्याच्या दवाखान्यात जाताना सगुणाबाई देवाचा अंगारा मुठीत घेऊन बसली होती.

जीपमधून तिघं गेली होती. आठ दिवसांनी तिघंच परत आली.

मुलगी झाली होती म्हणे, दिवस भरायच्या आधीच. एक दिवस जगली.

पुढच्या आठवड्यात गावातली आशा कार्यकर्ती आकांक्षा घरी आली. सगुणाबाईपाशी बसून तिनं हळूच विचारलं, "काकू, वंदनाताईंनी काही कच्चं खाल्लं होतं का?"

"काकडी खाल्ली व्हती. पण धुतली व्हती बाई. माझ्या हातानं धुतली व्हती."

"कशात धुतली?"

सगुणाबाईनं माझ्याकडं बोट केलं.

मित्रांनो, तीस वर्षांत कुणी माझ्याकडं असं बोट केलं नव्हतं.

आकांक्षानं रीत विचारून घेतली. मग ती खाली बघत म्हणाली, "काकू, माती दिसती, जंतू दिसत न्हाईत. खतातले जंतू मेथीवरून पाण्यात उतरतात आन् त्याच पाण्यातून काकडीवर चढतात. ओल्या फडक्यात, उन्हाळ्याच्या गरमीत ते वाढतात. सगळेच वाईट नसतात, पण एखादा वाईट निघाला तर पोटुशी बाई, लहान लेकरू, म्हातारं माणूस त्याला सोसू शकत न्हाई. वाहत्या पाण्यात चोळून धुतलं तर बरेच जातात. सगळे तरीबी जात न्हाईत."

"म्हंजी मीच..."

"न्हाई काकू! नेमकं त्याच्यानंच झालं, असं डॉक्टरबी सांगू शकत न्हाईत."

"पण झालं असंल बी?"

आकांक्षानं सगुणाबाईचा हात धरला, बस्स.

माझ्या पोटात त्या दिवशी पाणी निवळ दिसत होतं. मीही त्याला निवळच समजले. धुण्याचा मला एवढा गर्व, आणि मी एकाच्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर नेऊन ठेवत होते.

मला मोडीत घाला असं कारभारी म्हणाले. सगुणाबाईनं नाही घातलं. भिंतीशी पालथी ठेवली. ती अजून अळणीच जेवते. कुणी विचारलं तर म्हणते, "बारसं झालं न्हाई ना."

यंदाच्या उन्हाळ्यात वंदना दोन दिवसांसाठी आली. ताटात सगळं शिजवलेलं होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"माय, काकडी न्हाई का गं?"

सगुणाबाई जागच्या जागी थिजली.

"दे ना, माय. मला खायची हाय. तुझ्याच हातची."

मग सगुणाबाईनं मला सुलटी केली आणि खाली ठेवलं, नुसतं पडतं पाणी झेलायला. एका हातात एकच काकडी धरली. वरून तांब्यानं धार सोडली आणि चोळू लागली. एक तांब्या झाला. दुसरा झाला. तिसरा झाला.

"बस, माय. झाली साफ."

"अजून एकडाव."

"माय, रांजणातलं पाणी सरंल."

"सरू दे."

मी काठोकाठ भरले आणि चेपलेल्या काठावरून वाहू लागले. तरी तिचा अंगठा काकडीवर फिरतच होता. शेवटी वंदनानं ती काकडी तिच्या हातातून अलगद काढून घेतली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि उभ्याउभ्याच दातानं तोडली. सगुणाबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली, श्वास रोखून.

मित्रांनो, पाणी थोडं असलं तरी एक करा. साठलेल्या पाण्यात सगळं एकत्र बुडवू नका. आधी आपले हात धुवा, मग एकेक फळ धारेखाली धरून चोळा आणि कोरडं पुसा. मातीतली भाजी वेगळी धुवा. घरात कुणी पोटुशी असेल, तान्हं किंवा थकलेलं माणूस असेल, तर त्याला शक्यतो शिजवूनच द्या. आणि ज्या आईच्या हातून न कळता असं काही घडलं, तिला बोल लावू नका. तिला जे लागलं आहे ते कोणत्याच पाण्यानं जात नाही. मी रोज बघते ना.