डिझेलची आंघोळ

गिरधरनानांनी धरणगावच्या शेडमध्ये चाळीस वर्षं लेथवर बुश कातले. बुश म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारी धातूची बांगडी. त्यामुळे त्यांच्या मुलीनं, रूपालीनं, धातूच्या भुकटीचे बुश करायला निम्मी शेड मागितली, तेव्हा त्यांना हसूच आलं. भुकटी दाबायची आणि न वितळवता भट्टीत भाजायची, हे त्यांच्या मते भाकरीचं काम होतं. रूपालीनं जळगावच्या कारखान्यात सहा वर्षं हेच केलेलं. ती म्हणाली, टंगस्टन वितळवणं जमेना, म्हणून शंभर वर्षांपूर्वी बल्बची तारसुद्धा भुकटी दाबून, भाजून, ठोकूनच केली. नाना म्हणाले, मग बल्बच कर.

शेवटी पैज ठरली. रूपालीचा बुश घरच्या कूलरच्या पंख्यात आठ दिवस बिनतक्रार चालला, तर निम्मी शेड तिची. बसवणार मात्र नाना, कारण त्या घरात दुसऱ्या कुणी पान्हा उचलायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, कूलर किंचाळायला लागला. नाना मिशीत हसले. रूपालीनं बुश काढला, वास घेतला आणि आईकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी सांगून टाकलं: नवा बुश डिझेलमध्ये घोळून, पुसून कोरडा केल्याशिवाय नाना कधी बसवतच नाहीत.

रूपालीला रागाऐवजी हसू फुटलं. भुकटीच्या कणांमध्ये बारीक जागा राहतात, त्यांत तेल मुरवलेलं असतं. तेच नानांनी धुऊन काढलं होतं. तिनं जुन्या कढईत तेल तापवून बुश आत सोडला. बुडबुडे उठायचे थांबल्यावर तेल निवू दिलं, बुश लख्ख पुसला आणि उन्हानं तापलेल्या पत्र्यावर ठेवला. थोड्या वेळानं त्यावर तेल पाझरलं. नानांनी ते पुसलं. पुन्हा पाझरलं.

आपण जन्मभर बुशांना तेल पाजलं आणि पोरीचा बुश पोटात तेल घेऊनच आला, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

“चूक मनी शे, बुशनी नही,” चूक स्वतःकडे घेत ते म्हणाले. “पन आठ दिन परत मोज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाली शेडवर गेली, तर निम्मी शेड झाडून मोकळी केलेली. डिझेलचा डबा नानांनी स्वतःच्या निम्म्यात नेऊन ठेवला होता.