न चाखलेली सोलकढी

माझ्या धाकट्या जावेवर माझा संशय होता, आणि तो उगाच नव्हता, हे ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आता सांगताना हात जरा खाली येतो. पण जे झालं ते झालं तसंच सांगते, कारण मला गोड करून सांगता येत नाही. घरात माझी तीच ख्याती आहे.

आमचं घर सर्वणला, डिचोलीपासून जवळच. मी विनोदिनी, थोरली सून, पेडण्याच्या दुकानदाराची मुलगी. धाकटी सुमंगला. तिचे वडील सावंतवाडीकडून सुर्ल्याला आले आणि खाणीवर ट्रक चालवू लागले. माझा दीर जयराम त्याच खाणीवर कामाला, तिथेच सोयरीक जुळली. मी तिला कधी तोंडावर उणंदुणं बोलले नाही. मनात मात्र होतं. लाल धुळीत वाढलेल्या मुलीला आमच्या घरची रीत काय कळणार, असं मला वाटे, आणि ते मी लपवतही नसे.

घरची रीत म्हणजे सासूबाईंची रीत. यशोदाबाईंचं रांधप सगळ्या सर्वणला ठाऊक. चाळीस वर्षांत त्यांनी देवाला दाखवण्याआधी अन्नाचा एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता. चाखलं की ते उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही. मीठ त्या वासावरून ओळखत. वाफेवर जरा वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि चिमूटभर मीठ टाकायच्या. ते कधी चुकलं नव्हतं. सोलकढीचं तर विचारूच नका. कोकमाचं आगळ मुळात खारवलेलं असतं, एका बरणीचं एका बरणीला जुळत नाही, पण आई, म्हणजे सासूबाई, बरणीचं झाकण उघडून वास घेत आणि किती घालायचं ते ठरवत.

शिवरात्रीच्या सुमाराला त्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. उठल्या, पुन्हा चुलीपुढे बसल्या, आणि एके दिवशी सहज म्हणाल्या की मेमध्ये मालती आली की तिच्यादेखत चूल कुणाच्या हातात द्यायची ते ठरवू. मालती म्हणजे माझी नणंद, दर उन्हाळ्यात नवऱ्याला घेऊन मुंबईहून येते. साठीतल्या धडधाकट बाईला एकाएकी चूल सोडायची घाई का झाली, हे मला कळेना. सुमंगलाच त्यांचे कान भरत असणार, हे मात्र लगेच कळलं.

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवले. पाडव्याला पन्हं केलं होतं. घोट घेतला तर गुळाचा पत्ता नाही, नुसतं मीठ. शेजारच्या बायका हसल्या आणि पेले खाली ठेवले. त्या दिवशी सुमंगला सुर्ल्याला माहेरी गेलेली. आठवड्याने घोटांचं, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचं, सासव केलं, ते आमसुलासारखं आंबट. त्या दिवशीही ती माहेरी. ती घरात असली की जेवण पहिल्यासारखं, ती गेली की बिघडलेलं. मी हिशेब केला की बाई जाताना काहीतरी करून जाते, म्हणजे सासूचं नाव बदनाम होईल आणि सगळे म्हणतील की सुमंगलाशिवाय या घराचं पान हलत नाही.

मग दुधाचं प्रकरण झालं. मी विहिरीवर कपडे धूत होते. तिथपर्यंत करपल्याचा वास आला. धावत आत गेले तर दूध पातेल्याच्या बुडाला काळं होऊन लागलेलं, आणि आई चुलीपासून दोन हातांवर बसून शांतपणे तांदूळ निवडतायत. दूध सुमंगलाने ठेवलं होतं. आई तिला एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या हातून असं झालं असतं तर तीन दिवस ऐकावं लागलं असतं. आई तिला पाठीशी घालतात, याचा मला आणखी पुरावा नको होता.

शेवटची खूण मला आगळाच्या बरणीमागे सापडली. झाकण घातलेली एक वाटी, आत नारळाचं दाट दूध. घरात कुणाला न सांगता लपवून ठेवलेलं. मी ती तशीच ठेवली. आई देवपूजेच्या तयारीला गेल्या की सुमंगला स्वयंपाकघरात शिरते आणि दोन मिनिटांत बाहेर येते, हे मी तीनदा पाहिलं. मी फार भोळी नाही, पण सासूला आपल्याकडे वळवण्यासाठी जेवणातून काय काय घालतात हे बायका बोलतात, ते माझ्याही कानावर होतं. रात्री मी नवऱ्याला, गुरुदासांना, सांगितलं. त्यांनी कूस बदलली आणि झोपायला सांगितलं.

मालती वन्सं आल्या, आणि दरवर्षीप्रमाणे सोमवारी केरीला जायचं ठरलं. समुद्रावर दिवसभर बसायचं, घरचं खायचं आणि तेरेखोलचा किल्ला लांबून बघून परत यायचं. मॅटॅडोर गाडी सांगितली होती. सोमवार म्हणून मासळी नाही. आंबोळ्या, मुगागाठी, फणसाचे गरे, लोणच्याच्या कैऱ्या, आणि लसूण न घालता केलेली सोलकढी, पहिल्यांदा देवाला दाखवून मग मोठ्या किटलीत भरायची. पुरुषांची उर्राकाची, काजूच्या दारूची, बाटली ओल्या पंच्यात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवली होती. ती आईंना ठाऊक होती आणि ठाऊक नव्हती.

आईंनी सोलकढी केली, पातेल्यावर ताट घातलं आणि फुलं काढायला अंगणात गेल्या. मी जनेलाबाहेर, खिडकीच्या आडोशाला, उभी होते. सुमंगला आत आली. तिने ताट बाजूला केलं, कुलेरने, म्हणजे चमच्याने, कढीचे दोन थेंब तळहातावर घेतले आणि चाटले. तोंड वाकडं केलं. मग ती बरणीमागची वाटी काढून पातेल्यात ओतू लागली.

मी आत गेले आणि तिचं मनगट धरलं. हाकाही मीच मारल्या. मालती वन्सं आल्या, त्यांचे यजमान बाबुराव आले, जयराम आणि गुरुदास आले आणि शेवटी हातात परडी घेऊन आई आल्या. मी सगळ्यांदेखत सांगितलं की हिने नैवेद्याची कढी चाखली, आणि वर हे काय घालते ते हिलाच विचारा. मला त्या वेळी बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू.

आईंनी परडी खाली ठेवली. "देवाच्या आदी चाखलंस गो तू?"

सुमंगलाने आईंकडे पाहिलं. आता रडेल, पाया पडेल, असं मला वाटलं. तिने फक्त होकाराची मान हलवली. वाटीत काय आहे, का घालत होती, यातलं काही सांगितलं नाही. जयराम तिला दोनदा म्हणाला, सांग काय ते. ती गप्पच राहिली. गप्प राहणारी माणसं दोषी असतात, असं मला तेव्हा वाटत होतं.

आईंनी पातेलं उचललं आणि सगळी कढी परसातल्या माडाच्या मुळात ओतली. मग सुमंगलाला चुलीजवळ यायची बंदी करून, नारळ खोवून, त्यांनी नव्याने कढी केली. या वेळी मी दारात पहारा दिला. आईंनी नेहमीसारखं वाकून वास घेतला, डोळे मिटले, मीठ टाकलं. कुणी चाखलं नाही. देवाला दाखवली, किटलीत भरली आणि आम्ही निघालो. मॅटॅडोरमध्ये सुमंगला मागच्या कोपऱ्यात बसली होती, पेडणे मागे पडेपर्यंत कुणी तिच्याशी बोललं नाही. मी बोलणार नव्हतेच.

केरीला सुरूंच्या सावलीत चटया अंथरल्या. ऊन चांगलंच तापलं होतं, पाण्यावर नजर ठरत नव्हती. आईंनी स्वतः कोप, म्हणजे पेले, भरले आणि एकेकाच्या हातात दिले. बाबुरावांना सोलकढीची वर्षभर आठवण येते, म्हणून पहिला कोप त्यांना. त्यांनी मोठा घोट घेतला. गिळावा की नाही याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. गिळला, आणि कोप वाळूत टेकवला. मालती वन्संनी जिभेचं टोक लावलं आणि आईंना दिसू नये म्हणून कोप पदराआड धरला. गुरुदासांना ठसका लागला. मी चाखली. समुद्राच्या पाण्यात आणि तिच्यात फरक एवढाच की ती गुलाबी होती.

मी पहिल्यांदा सुमंगलाकडे पाहिलं. काय शोधत होते मलाच ठाऊक. तिने किटलीला हात लावला नव्हता, दिवसभर ती माझ्या नजरेखाली होती. ती कोप तोंडाला लावून पीत होती. एक घोट, दुसरा घोट, तळ दिसेपर्यंत. चेहऱ्यावर काही नाही. रिकामा कोप तिने आईंपुढे ठेवला आणि म्हणाली की बरी झालीय.

आई जेवायला नेहमी शेवटी बसतात. त्या सगळ्यांचे भरलेले कोप बघत होत्या. मग त्यांनी मालती वन्संच्या पदराआडचा कोप काढून घेतला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. त्यांना काही कळलं नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं. त्यांनी सुमंगलाला विचारलं, खरंच बरी आहे का. ती म्हणाली, हो. मग आई माझ्याकडे वळल्या.

"विनोदिनी, तू सांग. तुका खोटां बोलूक येना."

मला नाही येत. मी सांगितलं, मीठ फार आहे, आई. तोंडात धरवत नाही.

लाट आली आणि गेली. आई खाली बघून म्हणाल्या की शिवरात्रीच्या तापापासून त्यांना ना वास येतो ना चव. तोंडात घालतात ते सगळं ओल्या मातीसारखं लागतं. हाताला माप ठाऊक आहे, निभतंय, असं त्यांना वाटलं होतं. कुणाला कळण्याआधी मानाने चूल सोडायची, म्हणून त्या मालतीची वाट बघत होत्या. पाडव्याचं पन्हं आणि सासव कुणी त्यांना बोलून दाखवलं नव्हतं.

"आणि तू," त्या सुमंगलाला म्हणाल्या, "रोज निस्तरत होतंस?"

तिने मान हलवली. खारट झालं की नारळाचं दूध घालायचं, आंबट झालं की गूळ, म्हणून वाटी भरून ठेवायची. माहेरी गेली की इलाज नसायचा. सकाळी सगळ्यांसमोर का बोलली नाहीस, असं जयरामने विचारलं, तेव्हा म्हणाली की ते सांगायचं तर आईंचं सांगावं लागलं असतं.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण केरीच्या किनाऱ्यावर जाणार कुठे. लाज वाटली, खूप वाटली. मनगटावर माझ्या बोटांचे वळ तिने काकणांखाली झाकले होते, ते आता दिसत होते.

आईंनी पदराने तोंड पुसलं. चूल उद्यापासून सुमंगलाची, असं म्हणाल्या. "तू रांद आणि चाख. देवाक काय सांगूचां ता मी सांगतंय." मालती वन्सं रडू लागल्या. पुरुष मंडळी उठून पाण्याकडे गेली. मीही आपलं काहीतरी काम काढावं म्हणून कोप गोळा करू लागले, तेव्हा आईंनी माझा हात धरला. आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं.

"दूध करपलां त्या दिसा मी चुलीकडेच बसलेलंय. तुका विहिरीकडे वास इलो. तू माका कित्याक विचारूक नाय गो, 'आई, तुमका वास येना काय' म्हणान?"

मी विचारलं नव्हतं. दूध चुलीवर कुणी ठेवलं होतं, तेवढंच मी बघितलं होतं.