खंड्याचा पत्ता

मी बोलतेय, फोटोच्या पोटात शिरून काम करणारी. लोक मला कोड लायब्ररी म्हणतात. म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञांचा गठ्ठा. ज्याला लागेल त्याने उतरवून घ्यावा आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा.

तुम्ही फोटोत चेहरे बघता. मी त्यामागे लपलेली माहिती बघते: कुणी काढला, कधी काढला, आणि कुठे. हो, कुठे! अगदी पावलापर्यंत. तुम्ही गप्प बसता आणि तुमचा फोटो गावभर सांगत सुटतो.

मला या लॅपटॉपवर आणलं एका भाचीने, तिच्या आत्यासाठी. आत्या निवृत्त नर्स. पक्ष्यांचं भारी वेड, आणि पोटात काही म्हणून राहत नाही. गेल्या वर्षी तिने ओढ्याकाठच्या मातीत बिळात असलेल्या खंड्याच्या घरट्याचा फोटो पक्षीवेड्यांच्या साइटवर टाकला. लगेच तिथे कॅमेरेवाल्यांची ही गर्दी! माणसं हटेनात, म्हणून आईबाप मासा घेऊन बिळात जाईनात. पिल्लं उपाशी मेली.

"शपथ घेऊन सांगते, या खेपेला मी कुणाला काही बोलले नव्हते गं," आत्या रडत होती. भाचीने तो फोटो उघडून दाखवला. जागा फोटोनेच सांगितली होती.

यंदा खंड्याची जोडी परत आली. आत्याला फोटो टाकल्याशिवाय राहवेना आणि टाकायचा धीरही होईना. म्हणून मला बोलावणं आलं.

मी काही सहजासहजी आले नाही. लॅपटॉपवरची प्रोग्रॅमिंगची भाषा जुनी निघाली, तशी मी अडून बसले. लाल अक्षरांत तक्रार केली.

"काय नखरे आहेत हिचे!" भाची करवादली. तिने त्या भाषेची नवी आवृत्ती बसवली, तेव्हा कुठे मी आले, माझं सगळं लटांबर घेऊन.

पहिल्याच फोटोला भाचीने सांगितलं, सगळं पूस. मी पडले सांगकामी, पुसलं.

"अगं, माझं नाव कुठे गेलं?" आत्या कडाडली. "चिखलात बसून कंबर मोडली माझी. फोटो काय आपोआप निघाला?"

"बरं बाई, नाव ठेवते. फक्त जागा काढते."

"मग नीट सांग ना तिला!"

भाचीने एक ओळ बदलली. नाव राहिलं, जागा गेली, आणि फोटो साइटवर चढला.

दोन दिवसांनी शेजारचे काका आले, गळ्यात नवाकोरा कॅमेरा. माणूस भला. "ताई, फोटोत शोध शोध शोधलं, काही सापडेना. कुठे आहे हो घरटं? मला एकट्याला सांगा."

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. मला धडकीच भरली. फोटोतली जागा मी पुसते. आत्याच्या जिभेवरची कशी पुसणार?

आत्याने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाली, "बसा. चहा टाकते."

चहा झाला, बिस्किटं झाली, काकांच्या गुडघ्याची चौकशी झाली. काका गुडघ्याचे व्यायाम शिकून घरी गेले.

दार लावून आत्या भाचीजवळ येऊन बसली. "मूळ फोटोत आहे का गं जागा अजून?"

"आहे. तुझ्यासाठी ठेवलीय," भाची म्हणाली.

"तीही काढ. कौतुकाच्या भरात मी कुणालाही फोटो देऊन बसते. माझा मला भरवसा नाही."

मी ती पुसली. त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो.

आता मी जुनी झालेय. माझी नवी आवृत्ती कधीच निघाली, पण भाची म्हणते, "चालतंय ना, मग हात नको लावायला." तुम्हीही फोटो पाठवण्याआधी माझ्यासारखीला एकदा हाक मारत जा. एवढंच मागणं.

पिल्लं उडाली म्हणे. कुठून, ते मला विचारू नका. पुसलेलं मी लक्षात ठेवत नाही. आत्याला विचारा हवं तर. ती तुम्हाला बसवेल आणि चहा टाकेल.