पाय आपटा, धन जागं होईल

निम्मं गाव दलदलीत उभं राहून पाय आपटत होतं. सत्तरी ओलांडलेले मान्सिया आजोबासुद्धा गुडघ्याएवढे रबरी बूट चढवून नाचत होते. मधोमध कासिमिरो बुवा, तोंडात चिरूट आणि हातात लाल कापड गुंडाळलेला दंड. डोळे मिटून तो काहीतरी पुटपुटला, दंड चिखलात रोवला आणि त्याच्या टोकाशी चिरूट नेला. टोकावर निळसर ज्योत उभी राहिली. बायाबापड्यांनी छातीवर क्रूस काढला. मीही काढला. चर्चची देखभाल माझ्याकडे असते, चारचौघांत हात खाली ठेवून कसं चालेल? पण माझा विश्वास देवावर आहे, चिरूट ओढणाऱ्या त्याच्या दलालांवर नाही.

दक्षिण चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की सान हुआनच्या, म्हणजे जूनमधल्या संत योहानाच्या सणाच्या रात्री जिथे ज्योत दिसते, तिथे सोनं पुरलेलं असतं. खणताना बोलायचं नाही, हाव धरायची नाही, नाहीतर धन रुसून दुसरीकडे सरकतं. ही आमचीच समजूत बुवाने आम्हाला परत विकली. त्याचं म्हणणं, दलदलीखाली चाच्यांचं अख्खं जहाज आहे आणि वरचं शेवाळ हे त्या धनाचं पांघरूण. पांघरूण काढा, चर खणून पाणी सोडून द्या, सोनं आपोआप वर येईल. शेवाळ तेवढं शापित, म्हणून ते पोत्यांत भरून तो स्वतः समुद्रापार नेणार होता. सगळ्या गावाचं पाप एकट्याच्या डोक्यावर घ्यायला निघालेला माणूस! आणि अट एकच, या कामाबद्दल कुणी कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, नवऱ्याने बायकोशीही नाही.

मग काय, मिंगा ठरली. मिंगा म्हणजे सगळ्या गावाने फुकट राबायचं आणि ज्याचं काम असेल त्याने पोटभर जेवू घालायचं. बटाटे काढायचे असोत की बैल जुंपून कुणाचं लाकडी घर दुसऱ्या टेकडीवर ओढून न्यायचं असो, आमची कामं अशीच होतात. या वेळी यजमान साक्षात धन, त्यामुळे बटाट्याच्या जाड भाकऱ्या, म्हणजे मिल्काओ, आणि सफरचंदाची आंबवलेली चिचा आमच्याच घरून गेली. बुवा तिघांचं जेवायचा. चर लांबत गेले, पोती भरत गेली, सोनं म्हणाल तर पितळेचं बटणसुद्धा निघालं नाही. बुवा नाक फुगवून हवा हुंगायचा आणि म्हणायचा, कुणाच्या तरी मनात हाव आली, धन चार हात सरकलं. आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायचो आणि पुढे खणायचो.

माझी थोरली बहीण एदेल्मिरा दलदलीच्या खालच्या उतारावर राहते. नवरा गेल्यापासून एक गाय, बटाट्याचं वावर आणि अंगणातला झरा एवढाच तिचा संसार. तो झरा कधी आटलेला आम्ही पाहिला नव्हता. जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, ती मला रस्त्यावर दिसली, पालिकेच्या टँकरमागे, दोन्ही हातांत पाण्याचे डबे. माझं डोकंच फिरलं.

"ताई, झऱ्याचं काय झालं?"

"चर खणले तेव्हापासून आटतोय. गाय आता विकावी लागेल," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बोलले असते तर धन सरकलं असतं ना रे."

मी तिला तशीच शाळेत शिकवणाऱ्या नोएमीबाईंकडे नेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ज्योतीची गोष्ट ऐकताना त्या हसत होत्या, झऱ्याचं ऐकलं तेव्हा हसायच्या थांबल्या.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी गाव जमलं, तेव्हा बाई पुढे झाल्या. म्हणाल्या, आज फक्त कुणी पाय आपटायचे नाहीत. बुवाने दंड रोवला, पुटपुटला, चिरूट नेला. काही नाही. पुन्हा पुटपुटला, या वेळी जरा मोठ्याने. चिरूट मात्र विझला.

"धन रुसलंय," बुवा म्हणाला.

"रुसू दे, मी समजूत काढते," म्हणत बाईंनी दंड त्याच्या हातातून घेतला आणि लाल कापड सोडलं. आत नळाचा साधा लोखंडी पाइप, आरपार पोकळ. तो त्यांनी चिखलात रोवला. "हं, आता आपटा पाय." गावाने पाय आपटले, बाईंनी काडी ओढली आणि प्रार्थनेऐवजी खणखणीत आवाजात नवाचा पाढा म्हटला. चोपन्नला ज्योत उभी राहिली. मान्सिया आजोबांनी सवयीने क्रूस काढला आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले.

"खाली सोनं नाही, आजोबा," बाई म्हणाल्या. "हजारो वर्षांचं मेलेलं शेवाळ आहे. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ते धड कुजत नाही. आपण डुकराचं मांस टिकावं म्हणून चरबीखाली ठेवतो ना, तसं. त्यातून थोडा वायू सुटतो, तुमच्या पायांनी तो दाबला जाऊन वर येतो. उन्हाळे तापायला लागलेत तसा जास्तच. पण पाणी काढलंत म्हणजे वरची चरबीच काढलीत. आता सगळं कुजणार, त्यातला कार्बन हवेत जाणार, हवा आणखी तापणार आणि उरलेली दलदलही वाळणार. आपल्याकडे डोंगरावर बर्फ नाही. पावसाचं पाणी उन्हाळाभर हे शेवाळच धरून ठेवतं. एदेल्मिराताईंचा झरा त्याच्यावरच चालतो."

तेवढ्यात होडीवाला नाहुएल्किन चाचरत बोलला, "मग मीही बोलू का? ती पोती मी समुद्रापार पुएर्तो मोंत बंदरात एका व्यापाऱ्याच्या गोदामात उतरवतो. तो शेवाळ वाळवून परदेशी पाठवतो, ऑर्किडच्या कुंड्यांत घालायला. वजन करून पैसे देतो बुवाला. बोलायची बंदी होती म्हणून गप्प बसलो."

सगळे बुवाकडे वळले. त्या दिवशी धन नाही, बुवाच सरकला, आणि चार हात नव्हे, थेट होड्यांच्या धक्क्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मिंगा झाली, चर बुजवायला. आम्ही फळ्या ठोकून, चिखल भरून पाणी अडवलं. यजमान एदेल्मिरा होती आणि तिच्या हातचं जेवून सगळे तृप्त झाले. गाय गोठ्यातच राहिली, तिच्यापुरतं पाणी आम्ही आळीपाळीने वाहून आणलं. झरा मात्र त्या उन्हाळ्यात परतला नाही. पाऊस पडल्यावर आला, पण पूर्वीच्या निम्मा. ओरबाडलेलं शेवाळ भरून यायला किती वर्षं लागतील हे बाईंनाही सांगता येत नाही.

ज्योत खोटी नव्हती, एवढं लक्षात ठेवा. डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं मानलं, इथेच आपण फसतो. ती का पेटते हे कुणी विचारलं नाही. बहिणीला झऱ्याचं माहीत होतं, होडीवाल्याला पोत्यांचं, आणि पाय तर आमचेच होते. एकमेकांशी नुसतं बोललो असतो तरी बुवाचं दुकान आठवडाभरात बंद झालं असतं. तेव्हा उद्या तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला आणि वर म्हणाला की याबद्दल कुणाशी बोलू नका, तर आधी शेजाऱ्याचं दार ठोठावा.